कॅनडात नव्याने आलात? कागदपत्रं आणि बस्तान बसवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं आमच्या ओळखीत कुणी नवीन कुटुंब आलं की पहिला फोन मला येतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, आणि चुकाही. म्हणून ही उत्तरं एकदा नीट लिहून काढली. ती मुख्यतः पीआर, म्हणजे पर्मनंट रेसिडन्स (कायम राहण्याचा हक्क), घेऊन येणाऱ्यांसाठी आहेत. विद्यार्थी आणि वर्क परमिटवाल्यांचा नियम वेगळा असेल तिथे तसं सांगितलं आहे. आरोग्य, घरभाडं, लायसन्स आणि शाळा हे विषय प्रांताच्या अखत्यारीत येतात. आम्ही ऑन्टारियोत राहतो, त्यामुळे उदाहरणं तिथली आहेत.

निघण्याआधी भारतातूनच कोणती कामं उरकून यावं?

जे काम भारतात एका फेरीत होतं, त्याला इथून सहा महिने लागतात. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्टचे दोन-तीन जादा सीलबंद संच घ्या. आधीच्या प्रत्येक कंपनीचं अनुभवपत्र घ्या, आणि त्यात हुद्दा, तारखा, कामाचं स्वरूप आणि आठवड्याचे तास लिहून घ्या. नुसतं ‘यांनी आमच्याकडे काम केलं, शुभेच्छा’ असं पत्र इथे फारसं कामाचं नाही. आरटीओतून लायसन्सचा उतारा घ्या, त्यात पहिलं लायसन्स कधी मिळालं ती तारीख हवी. मुलांच्या लसींची कार्डं, चष्म्याचा नंबर, चालू औषधांची डॉक्टरांनी लिहिलेली नावं हेही सोबत ठेवा.

जन्मदाखला आत्ताच काढून बघा. जुन्या दाखल्यांवर पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, किंवा सगळा मजकूर फक्त मराठीत असतो. नाव ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत जाऊन घालून घ्या. इमिग्रेशन खात्याला, म्हणजे आयआरसीसीला, इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर लागतं आणि ते घरच्या माणसाने केलेलं चालत नाही. ‘मी इंग्रजीची प्राध्यापक आहे, माझ्या मुलाचा दाखला मीच करते’ असं म्हणून एका ताईंनी केलेलं भाषांतर परत आलं होतं. त्यांचं भाषांतर उत्तम होतं, पण नियम भाषेचा नव्हता, नात्याचा होता.

पासपोर्टवर, मार्कशीटवर आणि लग्नाच्या दाखल्यावर माझं नाव वेगवेगळं आहे. अडचण येईल का?

येईल, आणि मराठी माणसाला तर हमखास येते. आपल्याकडे नाव तीन भागांचं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. बोर्ड आणि विद्यापीठं मार्कशीटवर आडनाव आधी छापतात, पुढे वडिलांचं आणि कुठे कुठे आईचंही नाव जोडतात. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने असतात. लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. म्हणजे एकाच बाईची दहावी एका नावाने, डिग्री त्याच नावाने पण उलट्या क्रमाने, आणि पासपोर्ट तिसऱ्याच नावाने. हा घोळ आपल्याला समजतो. टोरांटोतल्या कारकुनाला त्या तीन वेगळ्या बायका दिसतात.

उपाय असा. पासपोर्टवरचं नाव प्रमाण माना आणि इथला प्रत्येक अर्ज अक्षरन् अक्षर तसाच भरा. पासपोर्टवर मधलं नाव ‘गिव्हन नेम’मध्ये असेल तर ते गाळू नका, आणि एका अर्जात लिहून दुसऱ्यात सोडू नका. लग्नाची नोंदणी झाली नसेल तर करून घ्या आणि दाखल्याच्या दोन-तीन प्रती आणा. पहिलं नाव बदललं असेल तर राजपत्रातली जाहिरात आणि ‘या दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ असं प्रतिज्ञापत्र हवं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर निघण्याआधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. नाहीतर कॅनडाच्या कागदांवर तुमचं अख्खं नाव आडनाव म्हणून छापलं जातं आणि पहिल्या नावाची जागा कोरी राहते. मग बँकेपासून शाळेपर्यंत प्रत्येक खिडकीवर तीच गोष्ट नव्याने सांगत बसावं लागतं.

तारखांचंही जपा. आपण दिवस, महिना, वर्ष लिहितो, इथे काही जण महिना आधी लिहितात. सरकारी अर्जांत बहुधा वर्ष, महिना, दिवस असा क्रम असतो. ५ जून आणि ६ मे यांची अदलाबदल सहज होते.

विमानतळावर लँडिंगच्या वेळी, म्हणजे पीआर म्हणून पहिल्यांदा कॅनडात शिरताना, काय होतं?

अधिकारी तुमचं कन्फर्मेशन ऑफ पर्मनंट रेसिडन्स आणि पासपोर्ट तपासतो, दोन-चार प्रश्न विचारतो. कन्फर्मेशनवर जी शेवटची तारीख असेल तिच्या आत यावंच लागतं. कागद हातात आला की तिथेच उभं राहून वाचा: नावाची स्पेलिंग, जन्मतारीख, जन्मदेश. मागे रांग आहे म्हणून संकोच करू नका. तिथे दाखवलेली चूक दुरुस्त होणं सोपं असतं. बाहेर पडल्यावर त्याच चुकीसाठी वेगळा अर्ज आणि महिनोन्महिन्यांची वाट.

१०,००० कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम सोबत असेल तर जाहीर करावी लागते. आणायला बंदी नाही, लपवायला आहे.

सामानाची यादी बऱ्याच जणांना माहीतच नसते. बीएसएफ१८६ या फॉर्मवर दोन याद्या देतात: आत्ता सोबत आणलेलं सामान, आणि मागाहून येणारं. दुसरी यादी पहिल्या लँडिंगलाच द्यायची असते. लग्नातले दागिने भारतातल्या लॉकरमध्ये ठेवून आला असाल आणि कधीतरी आणायचा विचार असेल तर ते याच यादीत घाला, प्रत्येक नगाचा फोटो आणि सराफाचं मूल्यांकन जोडा. आधीपासून तुमच्या मालकीच्या आणि वापरातल्या वस्तूंवर मग शुल्काचा प्रश्न सहसा येत नाही. यादीत नसलेल्या पाटल्यांवर तो येऊ शकतो.

पहिल्या आठवड्यात कामांचा क्रम काय ठेवावा?

सगळ्यात आधी सिन, म्हणजे सोशल इन्शुरन्स नंबर. तो सर्व्हिस कॅनडाकडून मिळतो, नऊ आकडी असतो आणि पूर्णपणे मोफत असतो. पैसे मागणारी संकेतस्थळं आहेत, त्यांना देऊ नका. आता प्लास्टिकचं कार्ड येत नाही, पत्र मिळतं. ते घरी ठेवा, पाकिटात घेऊन हिंडू नका. विद्यार्थी आणि वर्क परमिटवाल्यांचा नंबर ९ने सुरू होतो आणि त्याला मुदत असते. परमिट वाढलं की सिनही अद्ययावत करावा लागतो, हे पुष्कळ जण विसरतात.

मग बँक खातं, स्थानिक फोन नंबर, आणि पत्त्याचा पुरावा तयार होईल अशी कुठलीही गोष्ट. पीआर कार्ड टपालाने येतं. पत्ता बदलला तर लगेच कळवा. लँडिंगपासून १८० दिवसांत पत्ता दिला नाही तर कार्डासाठी नव्याने अर्ज आणि शुल्क भरावं लागतं.

इथे माझी स्वतःची चूक सांगते. आम्ही आलो तेव्हा भाडेकरार फक्त नवऱ्याच्या नावाने केला, बँक खातंही त्याच्याच. मी हेल्थ कार्ड काढायला गेले तेव्हा या पत्त्यावर मी राहते असं सांगणारा एकही कागद माझ्याकडे नव्हता. तीन खेपा झाल्या. त्यापेक्षा जास्त लागलं ते हे, की देश बदलल्यावर पहिल्याच महिन्यात आपण कागदावर कुठेच नाही. म्हणून प्रत्येक जोडप्याला मी बजावून सांगते: भाडेकरारावर दोघांची नावं, खातं संयुक्त, आणि निदान एक बिल बायकोच्या नावावर.

हेल्थ कार्ड कधी मिळतं? तोपर्यंत आजारी पडलो तर?

ऑन्टारियोत पूर्वी तीन महिने थांबावं लागे. २०२०पासून ती अट नाही. ब्रिटिश कोलंबियात मात्र ज्या महिन्यात याल तो उरलेला महिना आणि पुढचे दोन महिने थांबावं लागतं, त्यामुळे तिकडे जाणाऱ्यांनी तेवढ्या काळाचा खासगी विमा निघतानाच घ्यावा. ऑन्टारियोसाठी सर्व्हिस ऑन्टारियोच्या कार्यालयात इमिग्रेशनचा कागद, पत्त्याचा पुरावा आणि ओळखपत्र अशी तीन मूळ कागदपत्रं घेऊन जा.

सरकारी विम्यात डॉक्टर आणि रुग्णालय येतं. दात, चष्मा आणि रोजची औषधं मोठ्या माणसांसाठी बहुतांशी येत नाहीत. नोकरी घेताना कंपनीचा विमा काय काय देतो हे म्हणूनच विचारायचं असतं.

फॅमिली डॉक्टर मिळायला वेळ लागतो, नाव लगेच नोंदवा. तातडीचं असेल तर ९११. ‘आत्ता दवाखान्यात जाऊ की सकाळपर्यंत थांबू’ अशा प्रश्नासाठी ऑन्टारियोत ८११वर नर्सशी मोफत बोलता येतं.

घर भाड्याने घेताना मालक सहा महिन्यांचं आगाऊ भाडं मागतोय. देऊ का?

ऑन्टारियोत मालकाला कायद्याने एका महिन्याचीच अनामत मागता येते, आणि ती शेवटच्या महिन्याच्या भाड्यापोटीच वापरायची असते. मोडतोडीसाठी म्हणून वेगळी रक्कम मागता येत नाही, पुढच्या तारखांचे चेक द्यायलाच हवेत अशी सक्तीही करता येत नाही. ब्रिटिश कोलंबियात अर्ध्या महिन्याच्या भाड्याइतकी अनामत चालते, क्वेबेकमध्ये अनामत मागताच येत नाही.

हे झालं कायद्याचं. प्रत्यक्षात नवीन माणसाकडे ना इथली नोकरी, ना क्रेडिट हिस्टरी, म्हणून मालक कचरतो आणि जास्त मागतो. अशा वेळी भारतातल्या बँकेची स्टेटमेंट, नोकरीचं पत्र असेल तर ते, आणि इथल्या कुणा ओळखीच्याची हमी दाखवून बघा. प्रांताचा ठरलेला छापील भाडेकरार वापरण्याचा आग्रह धरा. २०१८पासून ऑन्टारियोत बहुतेक घरांना तो बंधनकारक आहे. रोख दिलं तर पावती घ्याच. आणि घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय, किंवा विश्वासातल्या माणसाने जाऊन बघितल्याशिवाय, भारतातून एक पैसाही पाठवू नका. सुंदर फोटो, बाजारभावापेक्षा कमी भाडं आणि ‘मालक परदेशात आहेत, किल्ली कुरिअरने येईल’ हे तिन्ही एकत्र दिसलं की ती फसवणूक समजा.

क्रेडिट हिस्टरी म्हणजे काय, आणि ती शून्यातून कशी उभी करायची?

उधारी वेळेवर फेडण्याची तुमची नोंद. इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या दोन संस्था ती ठेवतात, गुण ३०० ते ९०० असतात. भारतातला सिबिल स्कोअर इथे धरला जात नाही. नवागतांच्या खात्यासोबत मिळणारं किंवा ठेवीवरचं क्रेडिट कार्ड घ्या, मर्यादेच्या थोड्याच भागाइतका खर्च करा आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरा. उधारी वाईट असं शिकून आलेल्या आपल्या पिढीला हे खटकतं. पण कर्ज काढा असं कुणी म्हणत नाही, वेळेवर फेडता एवढं दाखवायचं आहे.

भारतातल्या लायसन्सवर गाडी चालवता येते का?

ऑन्टारियोत राहायला आल्यापासून ६० दिवस. नंतर इथलं लायसन्स लागतं. भारताशी थेट अदलाबदलीचा करार नाही, त्यामुळे लेखी परीक्षा आणि रस्त्यावरची परीक्षा दोन्ही द्याव्या लागतात. आरटीओचा उतारा इथे कामाला येतो: दोन वर्षांहून जास्त अनुभव अधिकृत कागदाने सिद्ध झाला तर मधला टप्पा आणि थांबण्याचा काळ वगळून थेट शेवटची परीक्षा देता येते. वीस वर्षं गाडी चालवली असली तरी दोन-तीन शिकवण्या घ्या. खांद्यावरून मागे बघणं आणि स्टॉप साइनला पूर्ण थांबणं यावर आपली माणसं नापास होतात.

माझ्या डिग्रीचं मूल्यमापन झालंय. म्हणजे मी इथे इंजिनिअर म्हणून काम करू शकते ना?

नाही. इमिग्रेशनसाठी केलेलं मूल्यमापन, म्हणजे ईसीए, एवढंच सांगतं की तुमची डिग्री इथल्या कुठल्या डिग्रीच्या तोडीची आहे. इंजिनिअर, नर्स, शिक्षक, डॉक्टर या पेशांना प्रांताच्या नियामक संस्थेचा परवाना लागतो. ऑन्टारियोत इंजिनिअरांसाठी ती संस्था म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअर्स ऑन्टारियो. कॅनडातलाच अनुभव हवा ही अट तिने २०२३मध्ये काढून टाकली, आणि त्यामुळे बऱ्याच जणांची कोंडी फुटली. सॉफ्टवेअर, हिशेब, विक्री अशा पुष्कळ कामांना परवाना लागत नाही.

पीआरधारकांसाठी सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेटलमेंट संस्था आहेत. रेझ्युमे, मुलाखतीची तयारी, इंग्रजीचे वर्ग, सगळं मोफत. २११ला फोन केला की जवळची संस्था सांगतात. फुकट आहे म्हणून कमअस्सल असेल असं समजू नका. घरात बसून राहिलेल्या कितीतरी बायकांना या वर्गांनी पहिली मैत्रीण मिळवून दिली आहे.

मुलांना शाळेत घालायला काय लागतं?

पत्त्याचा पुरावा, इमिग्रेशनचे कागद, जन्मदाखला, लसींची नोंद. सरकारी शाळा मोफत आहे आणि शाळा पत्त्यावरून ठरते. मूल ज्या वर्षी चार वर्षांचं होतं त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून ज्युनिअर किंडरगार्टनला जाऊ शकतं.

डिसेंबरात आलो, इथे काहीच कमाई नाही. तरी टॅक्स रिटर्न भरायचं?

भरा. इथलं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं आणि शेवटची तारीख ३० एप्रिल. मुलांसाठीचा कॅनडा चाइल्ड बेनिफिट आणि इतर सवलती रिटर्नवरच ठरतात, त्यामुळे नवरा-बायको दोघांनीही भरायचं. चाइल्ड बेनिफिटसाठी आरसी६६ फॉर्म आल्या आल्या द्या. परमिटवर असणाऱ्यांना तो सलग १८ महिने राहिल्यानंतर लागू होतो.

आता भारतातल्या मालमत्तेबद्दल, कारण इथे लोक अजाणतेपणी चुकतात. कॅनडाचे करनिवासी, म्हणजे करासाठी इथले रहिवासी, झालात की जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं: भाडं, मुदत ठेवींचं व्याज, शेअर्सचा लाभांश. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी कॅनडात नाही. भारतात भरलेल्या कराची वजावट दोन देशांतल्या करारामुळे मिळते. परदेशातल्या गुंतवणुकीची मूळ किंमत १,००,००० डॉलरच्या वर गेली की टी११३५ हा माहितीचा फॉर्मही लागतो. पहिल्या वर्षी तो माफ आहे. स्वतःच्या वापराचं घर त्यात मोजत नाहीत, भाड्याने दिलेला फ्लॅट मोजतात.

तुम्ही करनिवासी झालात त्या दिवशीच्या बाजारभावाने ती मालमत्ता घेतली असं कॅनडा धरतो. म्हणून त्या तारखेचं फ्लॅटचं मूल्यांकन करून ठेवा. पुढे दहा वर्षांनी विकाल तेव्हा नफा त्या आकड्यापासून मोजला जाईल.

भारतातल्या बँकेलाही कळवा. नेहमीचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यावं लागतं. ‘कोण विचारतंय’ म्हणून तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही.

वर्क परमिट संपत आलंय आणि नवीन अजून आलं नाही. काम थांबवू का?

मुदत संपण्याआधी अर्ज केला असेल तर निर्णय येईपर्यंत जुन्याच अटींवर काम चालू ठेवता येतं. याला मेन्टेन्ड स्टेटस म्हणतात. मात्र मध्येच देशाबाहेर गेलात तर हा हक्क धोक्यात येतो. मुदत टळली असेल तर ९० दिवसांत स्टेटस पूर्ववत करण्याचा अर्ज करता येतो, पण त्या काळात काम करता येत नाही.

परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. पदवीनंतरच्या वर्क परमिटसाठी अर्ज करण्याआधी पासपोर्टचं नूतनीकरण करा, नाहीतर हक्काची वर्षं कापली जातात.

पीआर कार्ड संपलं तर पीआर जातं का?

नाही. कार्ड हा पुरावा आहे, हक्क नव्हे. हक्क टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं. पण संपलेल्या कार्डावर विमानात बसू देत नाहीत. भारतात अडकलात तर ट्रॅव्हल डॉक्युमेंटसाठी अर्ज करावा लागतो. पहिल्या दिवसापासून एका वहीत प्रत्येक प्रवासाच्या तारखा लिहा, नागरिकत्वाच्या अर्जात त्या सगळ्या विचारतात.

आई-बाबांना जास्त दिवस आणता येईल?

सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. तुमचं उत्पन्न ठरावीक पातळीच्या वर हवं आणि त्यांचा किमान १,००,००० डॉलरचा, एका वर्षाचा आरोग्य विमा हवा. विमा घेताना आधीच्या आजारांबद्दलचं कलम शब्दन् शब्द वाचा. रक्तदाब, मधुमेह सांगितला नाही आणि नंतर निघाला तर दावा फेटाळला जातो, आणि रुग्णालयाचं बिल तुमच्या अंगावर येतं. हे घडलेलं घर मी जवळून पाहिलं आहे.

कन्सल्टंट ‘नक्की होईल’ म्हणतोय. विश्वास ठेवू?

‘नक्की’ हा शब्द ऐकला की उठून या. पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार वकिलांना, क्वेबेकच्या नोटरींना आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या परवानाधारकांना आहे. कॉलेजची यादी सर्वांना खुली आहे, नाव आणि क्रमांक स्वतः तपासा. अर्जातला प्रत्येक शब्द सही करण्याआधी वाचा. खोटं त्याने लिहिलं तरी जबाबदार तुम्ही, आणि त्यापायी पाच वर्षांची बंदी येऊ शकते. एलएमआयए म्हणजे परदेशी कामगार ठेवण्यासाठी नोकरी देणाऱ्या मालकाला लागणारी सरकारी मंजुरी. तिचं शुल्क मालकानेच भरायचं असतं. ती ‘विकत’ देणारा गुन्हा करतोय.

तुमचा सिन रद्द झालाय, अटक होईल, गिफ्ट कार्डने पैसे भरा, असा फोन आला तर ठेवून द्या. कर खातं गिफ्ट कार्डने पैसे घेत नाही.

नागरिकत्व घेतलं तर गावच्या जमिनीचं काय?

अर्जाआधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस इथे राहिलात की अर्ज करता येतो. पीआरपूर्वी परमिटवर राहिलेले दिवस निम्मे धरतात, जास्तीत जास्त ३६५पर्यंत. १८ ते ५४ वयाच्यांना परीक्षा असते: २० प्रश्न, १५ बरोबर हवेत.

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. कॅनडाचं घेतलंत की भारताचं आपोआप संपतं. मग जुना पासपोर्ट जमा करून त्यागाचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि ओसीआयसाठी, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करायचा. ओसीआयवर आयुष्यभर येता-जाता येतं, फ्लॅट घेता येतो, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली जमीन मात्र ठेवता येते. म्हणून पुढच्या भारतवारीत तलाठी कार्यालयात एक चक्कर मारा. सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव राहिलं असेल तर फेरफाराचा अर्ज तेव्हाच देऊन टाका, आणि त्यावर तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहून घ्या.